दुसऱ्यांचा त्याग आणि आपले ऋण

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीत पाण्याच्या आधाराने उभी राहिलेली दोन मोठी कामे आहेत. एक म्हणजे नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ. दुसरे म्हणजे 1915 साली सुरू झालेले टाटांचे जलविद्युत केंद्र. पहिल्याला आपण सहज धर्मकार्य म्हणतो आणि दुसऱ्याला उद्योग. उपयोगाच्या मापाने पाहिले तर ही विभागणी टिकत नाही. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटसरूंना आणि त्यांच्या बैलांना तलावाने पाणी दिले. वीजकेंद्राने मुंबईच्या गिरण्या चालवल्या आणि पुढे लाखो घरांत दिवे लावले. लोकांच्या उपयोगी पडणे हीच धर्मकार्याची कसोटी असेल, तर केंद्राचे पारडे कितीतरी जड आहे. पण धर्मविचार तेवढ्यावर थांबत नाही. काय दिले, कोणाला दिले, याबरोबर ते कोणाच्या पदरचे होते, हेही तो विचारतो. तलाव बांधणाऱ्याला आपल्या परंपरेने हा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर विधीतच गुंफून ठेवले. वीजकेंद्राला मात्र तो प्रश्न विचारायचा असतो, हेच शंभर वर्षे आपल्या ध्यानात आले नाही. वीज हा क्रयविक्रयाचा माल आहे, बिल भरले की व्यवहार संपला, असे आपण धरून चाललो. बिल भरल्याने व्यवहार संपतो, ऋण संपत नाही, असे मला म्हणायचे आहे. हे ऋण न ओळखल्यामुळे आपण त्याग या शब्दाचा फार मोठा दुरुपयोग करत आलो, हे त्याला जोडून.

हे केंद्र चालते कसे, ते आधी पाहिले पाहिजे, कारण ऋणाचे स्वरूप त्या रचनेतच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या आसपास, धोधो पाऊस पडतो. माथ्यावर पडलेले हे पाणी एरवी पूर्वेला वळून इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे बंगालच्या उपसागराकडे गेले असते. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांनी ते अडवले, कालव्यांनी घाटाच्या कडेपर्यंत आणले आणि मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली कोकणात सोडले. खाली पोचेपर्यंत पाण्याचा दाब इतका वाढतो की नोझलमधून सुटलेला झोत पेल्टन चाकाच्या वाटीसारख्या पात्यांवर आदळतो आणि चाकाला जोडलेले जनित्र फिरू लागते. आज या केंद्राची क्षमता 72 मेगावॉट आहे. आताच्या औष्णिक केंद्रांपुढे ती किरकोळ वाटेल. पण 1915 साली येथून निघालेल्या तारा सुमारे 70 किलोमीटर दूर परळपर्यंत गेल्या, आणि कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांना पावसाच्या पाण्यावर चालता येऊ लागले. हिशेब साधा आहे. 500 मीटर उंचीवरून 1000 लिटर पाणी खाली आले की, वाटेतली आणि यंत्रातली घट वजा जाता, हाती साधारण एक युनिट वीज लागते. म्हणजे या केंद्रातून आलेल्या प्रत्येक युनिटामागे एका खोऱ्यातून उचलून दुसऱ्या खोऱ्यात टाकलेले 1000 लिटर पाणी आहे. शिवाय तारांतून वाहणारी वीज साठून राहत नाही; ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. संध्याकाळी शहरात दिवे लागतात तेव्हा घाटाखाली झोत मोठा करावा लागतो. देणारा आणि घेणारा यांच्यात इतके तात्काळ आणि इतके अदृश्य नाते दुसऱ्या कोणत्याही मालात नसेल.

खोपोलीच्या यशाने पुढची पावले पडली. 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. भिऱ्यासाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण घालायचे ठरले आणि मुळशी पेट्यातली सुमारे पन्नास गावे बुडिताखाली येणार हे स्पष्ट झाले. भातखाचरांवर जगणाऱ्या मावळ्यांनी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यातले अग्रणी. बापटांना सेनापती हे बिरुद याच लढ्याने दिले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. गांधींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना विनवले की केवळ कायद्याच्या हक्कावर अडून न राहता लोकांशी बोलून मार्ग काढावा. कायदा म्हणजे 1894 चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक प्रयोजन एवढे शब्द उच्चारले की सरकार त्या कायद्याखाली खासगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत होते. सत्याग्रह रेंगाळला, नेत्यांत मतभेद झाले, नुकसानभरपाईच्या दरावर वाटाघाटी झाल्या. 1924 च्या अखेरीस बापटांनी धरणावरच्या कामगारांची गाडी शस्त्रांनिशी अडवली आणि त्यांना दीर्घ तुरुंगवास झाला. धरण पूर्ण झाले. ज्यांची शेते तळाशी गेली त्यांना भरपाई मिळाली, पण राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाच्या अभ्यासात दाखवून दिले आहे की बऱ्याच जमिनी आधीच सावकारांकडे गुंतल्या होत्या आणि सावकारांना शेतापेक्षा रोकड बरी वाटत होती. पैसा ज्याच्या हाती पडला तो बुडाला नाही, आणि जो बुडाला त्याच्या हाती फारसे काही पडले नाही.

या सगळ्याचे समर्थन तेव्हाही झाले आणि आजही होते. ते नुसते व्यापारी समर्थन नाही. त्याच्या तळाशी एक धार्मिक वाटणारी कल्पना आहे. ती अशी की मोठे कार्य त्यागाशिवाय होत नाही, थोड्यांनी त्याग केला तर अनेकांचे कल्याण होते, आणि असा त्याग हा एक यज्ञच आहे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या साली खोपोलीची चाके फिरू लागली त्याच 1915 साली मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले यज्ञाचे चक्र टिळकांनी होमापुरते ठेवले नाही. समाजाच्या धारणेसाठी प्रत्येकाने निष्काम बुद्धीने केलेले कर्म म्हणजे यज्ञ, असा विस्तार त्यांनी केला. त्या चक्रात पाऊस आहे, अन्न आहे, प्राणी आहेत आणि माणसाचे कर्म आहे. ते पुढे न चालवता नुसता भोग घेणारा माणूस चोर ठरतो. जलविद्युत केंद्राची रचना या चक्राशी इतकी जुळते की मोह पडावा. पाऊस, पाणी, चाक, कर्म, लोकांचे पोषण, सारे जिथल्या तिथे आहे. मग मुळशीच्या मावळ्यांनीही आपला हविर्भाग दिला, असे म्हणायला काय हरकत आहे? गंमत अशी की टिळकांच्या पश्चात त्यांच्या ‘केसरी’ परिवारातली माणसेच या ‘हविर्भागा’च्या, म्हणजे मावळ्यांच्या, बाजूने पुण्यात उभी राहिली. लोकसंग्रह, म्हणजे समाजाची धारणा, या शब्दाचे वजन ज्यांना माहीत होते त्यांनाच या यज्ञात काहीतरी खोट दिसली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ती खोट कोणती, हे आपल्याच परंपरेतली एक फार जुनी कथा सांगते. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाचे आख्यान आहे. राजा हरिश्चंद्राला मूल नव्हते. वरुणाने त्याला मुलगा दिला, पण तोच मुलगा आपल्याला यज्ञात अर्पण करावा या अटीवर. मुलगा झाल्यावर राजा दिवस ढकलत राहिला. वयात आलेला रोहित रानात निघून गेला आणि वरुणाच्या कोपाने राजाचे पोट फुगले. रानात रोहिताला अजीगर्त नावाचा उपासमारीने गांजलेला ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे होते. थोरला बापाला सोडवेना, धाकटा आईला सोडवेना. मधला शुनःशेप 100 गाईंना विकला गेला. त्याला यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा आणखी 100 गाई घेऊन बापानेच त्याला बांधले. मारायला कोणी तयार होईना, तेव्हा आणखी 100 गाईंच्या बोलीवर बापानेच शस्त्र परजले. शुनःशेपाने देवांची स्तुती केली, त्याचे पाश एकेक करून गळाले, आणि त्याच वेळी हरिश्चंद्राचे पोटही ओसरून तो बरा झाला. पुढे बाप मुलाला परत बोलावू लागला तेव्हा मुलाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तो विश्वामित्राचा पुत्र झाला. राजसूय यज्ञात, म्हणजे राजसत्तेच्या अभिषेकाच्या वेळी, हे आख्यान राजाला ऐकवण्याची प्रथा होती. ज्याच्या हाती इतरांचे जगणे सोपवले जाणार त्याने नेमकी हीच कथा ऐकावी, हा निर्णय ज्याने घेतला त्याला सत्तेचा स्वभाव ठाऊक होता.

या कथेत व्यवहार म्हणून काहीच बेकायदा नाही. मागितलेली किंमत पूर्ण दिली गेली. विकणारा राजी होता. ऋत्विज हजर होते, विधी यथासांग चालू होता, हेतूही क्षुद्र नव्हता. राज्याचा धनी आजारातून बरा व्हायला हवा होता. तरी हा यज्ञ देवांनी स्वीकारला नाही. ऋण हरिश्चंद्राचे होते आणि खांबाला दुसराच बांधला गेला होता. विकणाऱ्याची संमती भुकेपोटी आलेली होती, आणि ज्याचा जीव जाणार होता त्याला कोणी विचारलेच नव्हते. भूसंपादनाने कोणाला ठार मारले नाही, हे खरे. त्या अर्थाने ही तुलना पुरती बसत नाही. पण तिच्यातले तर्काचे हाड पक्के आहे. त्याग ही गोष्ट फक्त स्वतःची करता येते. दुसऱ्याकडून घेतलेली वस्तू, तिचे मोल कितीही चोख दिले तरी, खरेदी असेल, जप्ती असेल, कधी गरज म्हणून समर्थनीय सक्तीही असेल, पण त्याग नसते. आणि यजमान तोच, जो आपले देतो. मुळशीच्या मावळ्यांना यजमानपण न देता त्यांना हवी केले गेले. यज्ञाची भाषा वापरून हे घडवले की धर्माचा दुरुपयोग होतो. ती भाषा न वापरता घडवले की निदान खोटेपणा तरी होत नाही.

म्हणून माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे व्याकरणच बदलायला हवे. धरणाखाली गेलेल्यांचा त्याग मोजत बसण्याऐवजी वीज वापरणाऱ्यांचे ऋण मोजायला हवे. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की माणूस जन्मतःच ऋणी असतो: देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. हे चौथे, माणसांचे, पुढच्या परंपरेत मागे पडले. त्याची फेड तिथे अगदी साध्या गोष्टीत सांगितली आहे: दुसऱ्याला आसरा द्यावा, अन्न द्यावे. एका खोपोलीच्या केंद्रात ही चारही ऋणे एकत्र दिसतात. पाऊस आणि डोंगराचा उतार कोणी घडवलेला नाही. फॅरेडेने 1831 मध्ये चुंबक आणि तार यांचे नाते दाखवले नसते आणि पेल्टनने त्या शतकाच्या उत्तरार्धात आपले चाक बनवले नसते, तर पाणी नुसतेच खाली कोसळले असते. जमशेटजींच्या डोक्यात असलेली योजना ते 1904 मध्ये गेल्यावर दोराबजींनी पुरी केली. नळ अंगाखांद्यावर घेऊन घाट उतरणाऱ्या मजुरांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. आणि तळ्यांच्या तळाशी शेते आहेत. बिलावर यांपैकी कोणाचेच खाते नसते. बिल वीज कंपनीला जाते, कारण कंपनी विकते. पण जे खरे घेणेकरी आहेत त्यांतला एकही विक्रेता नाही.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा असणार. प्रत्येक वस्तूमागे असे अगणित हात असतात. भाकरीमागे शेतकरी, बैल, लोहार, पाऊस सगळे आहेत. किंमत ही या सगळ्यांचे देणे एका आकड्यात गोळा करण्याची व्यवस्था आहे. सारखे ऋण-ऋण म्हणत बसलो तर ऋण शब्दालाच काही अर्थ उरणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. जिथे देणारा स्वखुशीने बाजारात आला, नाही म्हणण्याची त्याला मुभा होती आणि किंमत त्याच्याच हाती पडली, तिथे उरते ती फार तर कृतज्ञता. तिला ऋण म्हणू नये. ऋण उरते ते यांतली एखादी अट मोडते तिथे. मुळशीत तिन्ही मोडल्या. लोक बाजारात आले नव्हते, त्यांना नकाराची मुभा नव्हती, आणि पैसा बऱ्याच वेळा दुसऱ्याच्या पेटीत गेला. भाकरी विकणारा उद्या पुन्हा पीठ मळतो. शेत विकायला लावलेल्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी विकायला काही नसते, आणि ज्या देवळात, ज्या देवराईत, ज्या मसणवटीत त्याचे पूर्वज आहेत त्यांना बाजारभावच नसतो. तेव्हा ऋणाचा शब्द सरसकट वापरायचा नाही. जिथे किंमत पोचत नाही तिथेच वापरायचा. तसा वापरला तर तो पातळ होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. आज वीज वापरणाऱ्यांपैकी 1921 साली क्वचितच कोणी जन्मलेला होता. ज्या करारावर आपण सही केली नाही त्याचे देणे आपल्यावर कसे? ऋण घ्यायलाही संमती लागते. सावकारी कर्जाच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण जन्मसिद्ध ऋणाची कल्पना मुळात करारातून आलेलीच नाही. ती लाभातून आली आहे. बापाच्या मिळकतीचा वारसा घेणाऱ्याला त्या मिळकतीवरचा बोजाही घ्यावा लागतो. बोजा मी काढला नव्हता असे म्हणून फक्त मिळकत घेता येत नाही. वारसा नाकारण्याचा मार्ग खुला असतो, पण त्या मार्गाने जायचे तर वीजही नाकारावी लागेल, आणि तसे कोणी करत नाही. दुसरे म्हणजे हा लाभ शंभर वर्षांपूर्वी एकदा घेऊन झालेला नाही. वीज ज्या क्षणी वापरली जाते त्या क्षणी तयार होते, हे वर आलेच आहे. त्या बुडीत खोऱ्यांतले पाणी आजही, या पावसाळ्यातही, त्याच उतारावरून खाली येते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज एकाएकी गेली तेव्हा शहर पुन्हा उजळण्यासाठी ज्यांना तातडीने हाक द्यावी लागली त्यांत ही जुनी जलविद्युत केंद्रेही होती, कारण पाण्यावरचे संच काही मिनिटांत चालू होतात. जुने ऋण असे रोज नव्याने घेतले जात असेल, तर ते पूर्वजांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो परंपरेच्या मर्मावर बोट ठेवतो. ऋण, यज्ञ, पुण्य ही भाषा या देशात दुबळ्यांना मोकळे करायला क्वचितच वापरली गेली. ज्या तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांचा उल्लेख आहे ती ब्राह्मणाविषयी बोलते. मीमांसकांनी त्यात तीन वर्ण घेतले आणि चौथ्याला वगळले. सर्व भूतांसाठी म्हणून सोडलेल्या तळ्यांवर अस्पृश्यांना येऊ दिले जात नव्हते. भिऱ्याचे केंद्र सुरू झाले त्याच 1927 साली, त्याच कुलाबा जिल्ह्यात, 20 मार्चला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी कोणाच्या पुण्यबुद्धीला आवाहन केले नव्हते. त्यांनी माणूस म्हणून असलेला हक्क बजावला. मग आपण ऋणाची जुनी भाषा पुन्हा का उकरावी? हक्कांची भाषा पुरेशी नाही काय? माझे उत्तर असे की हक्क आधी, यात शंका नाही. ज्या समाजात हक्क नाहीत तिथे ऋणाची भाषा उपकाराची भाषा होते आणि उपकार करणारा आपल्या सवडीने देतो. महाडने ते कायमचे सिद्ध केले. पण हक्काला मागणारा लागतो. मुळशीचे मावळे आज हक्क मागायला नाहीत, त्यांची नातवंडे पांगली आहेत, आणि नद्यांना तर मुळातच तोंड नाही. मागणारा दारात नसताना काय करावे, हे हक्कांचे शास्त्र सांगत नाही, ऋणाचे सांगते. शिवाय शतपथाचे वाक्य वर्णाचे नाव घेत नाही, जो कोणी आहे तो ऋणी, एवढेच म्हणते. त्या वाक्याचा धागा धरला तर ऋणाची दिशा उलटते. वरच्याने खालच्याला कर्तव्य शिकवायचे, हा जुना प्रघात. लाभ घेणाऱ्याने स्वतःला देणेदार समजायचे, हा मूळ अर्थ. ऋण दुसऱ्याला सांगायचे नसते, आपले आपण ओळखायचे असते, एवढा नियम पाळला तर ते जोखड बनत नाही.

मग धरणे फोडायची काय, असा चौथा आक्षेप चिडून विचारला जातो. त्याचे उत्तर सोपे नाही, आणि नसावे. भीमेच्या खोऱ्यातले दुष्काळी तालुके विचारतात की आमचे पाणी कोकणात का उतरवता. कृष्णा पाणीतंटा लवादानेही पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातलेली आहे. पण खोपोलीचे अवजल पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हासात आणि भिऱ्याचे कुंडलिकेत जाते, आणि एका शतकात त्या अवजलावर गावे, शहरे, कारखाने उभे राहिले आहेत. पूर्वेचे ऋण फेडायला पश्चिमेचा घास काढला तर एका शुनःशेपाला सोडवून दुसऱ्याला बांधल्यासारखे होईल. इतिहास उलटा फिरवणे म्हणजे ऋणफेड नव्हे. शास्त्रांतही पितृऋण पितरांना काही परत देऊन फिटत नाही. पुढच्याला वाढवून फिटते. ऋषिऋण शिकवून फिटते. ज्याच्याकडून घेतले त्याला परत करणे अनेकदा अशक्य असते आणि म्हणून फेड पुढे करावी लागते. ‘आता काय उपयोग’ या हताशपणाला आणि ‘सगळे मोडून टाका’ या आवेशाला ही कल्पना एकाच वेळी उत्तर देते.

पुढे करायच्या या फेडीचा आकार कसा असावा, हे सांगण्यासाठी खोपोलीच्या पहिल्या वास्तूकडे, तलावाकडे, पाहणे उपयोगी आहे. धर्मशास्त्राने विहिरी, तळी, बागा या कामांना पूर्त म्हटले आणि ती नुसती बांधून पूर्ण होत नाहीत असे ठरवले. त्यांचा उत्सर्ग करावा लागे. म्हणजे हे पाणी माझे नाही, सर्व भूतांसाठी सोडले, असे जाहीरपणे म्हणावे लागे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधींचे विवेचन आहे. उत्सर्गानंतर बांधणारा ते पाणी वापरू शके, पण इतरांसारखा एक म्हणून. प्रत्यक्षात जातीने या विधीचा पराभव केला हे महाडने दाखवले. पण विधीतले तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही, उलट ज्यांनी ते मोडले तेच त्यात दोषी ठरतात. वीजकेंद्राचा उत्सर्ग म्हणजे मालकी सोडणे असे मी म्हणत नाही. यंत्रे कोणीतरी नीट चालवावी लागतातच. त्याचा अर्थ असा की केंद्राच्या खातेवहीत भागधारकांबरोबर बुडालेल्या गावांची नावेही कायम असावीत. लाभाचा पहिला वाटा, वीज आणि पाणी दोन्ही, ज्यांच्या उशा-पायथ्याशी हे घडते त्यांना मिळावा. आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत शहराने हात आखडता घ्यावा, कारण त्या तासांत या केंद्रांतून येणारे प्रत्येक युनिट साठवलेल्या पाण्यातून येते. यांत अशक्य काही नाही. महाराष्ट्राने 1976 साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि 1894 चा भूसंपादन कायदा 2014 च्या आरंभी जाऊन त्याजागी पुनर्वसनाचा हक्क मानणारा नवा कायदा आला. मुळशीपासून मोजले तर एक अर्धशतक आणि जवळजवळ एक शतक. दोन्ही वेळा आधी कोणीतरी ऋण मान्य केले, मग ते हक्क म्हणून लिहिले गेले. कायदा ही ऋणाची उशिरा झालेली नोंद असते. ऋण न मानणारा समाज तो कायदा कधी करत नाही, आणि केला तरी त्यातून पळवाटा शोधतो.

हा विचार जुन्या धरणांपुरता नाही. 2023 साली शिरवता आणि भिवपुरी येथे मिळून 2800 मेगावॉटचे उदंचन प्रकल्प उभारण्याचा करार राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात झाला. दिवसा सूर्याची वीज जास्त असताना पाणी वर चढवायचे आणि रात्री ते खाली सोडून वीज घ्यायची, अशी ही योजना आहे. हवामानबदलाच्या काळात तिची गरज नाकारता येणार नाही. 1921 मध्ये सार्वजनिक प्रयोजन या शब्दांनी जे काम केले ते आता स्वच्छ ऊर्जा हे शब्द करतील, एवढीच भीती आहे. हेतू जितका उदात्त, तितका दुसऱ्याच्या त्यागाचा मोह मोठा. म्हणून अशा प्रत्येक प्रकल्पाच्या दारात दोन प्रश्न उभे केले पाहिजेत. ज्याचे जाणार आहे त्याला नाही म्हणण्याची खरी मुभा आहे का? आणि ज्याला मिळणार आहे तो आपले काय सोडायला तयार आहे? पहिल्याचे उत्तर नाही असेल तर त्याला त्याग म्हणू नये, सक्ती म्हणावे आणि सक्तीला जितके कठोर समर्थन लागते तितके द्यावे. दुसऱ्याचे उत्तर काहीच नाही असे असेल, तर तो प्रकल्प कितीही घरे उजळो, त्याला लोककल्याणाचे नाव मिळण्याचा अधिकार नाही. कल्याण करणाऱ्याने स्वतःच्या पदरचे काही घालावे लागते, ही यज्ञाची सर्वांत जुनी अट आहे, आणि वीज वापरणारे आपण सगळेच तिच्या कक्षेत येतो.